कारण निवडा

२ जुलै २०२५च्या संध्याकाळी मायक्रोसॉफ्टनं सुमारे ९,००० लोक कमी करायचं जाहीर केलं, ते आम्हाला सेकंड शिफ्टच्या चहाला कळलं. गेम टेस्टिंगच्या मजल्यावर मोबाईल नेऊ देत नाहीत. फोन बाहेर लॉकरमध्ये, किल्ली गळ्यातल्या आयकार्डाच्या दोरीला. त्यामुळे जगात काहीही होवो, आम्हाला ते ब्रेकमध्येच कळायचं. त्या दिवशी लॉकरपाशी सगळे मान खाली घालून बातम्या वाचत उभे होते. एक्सबॉक्सच्या, म्हणजे त्यांच्या गेमच्या बाजूला मोठा मार बसला होता. 'द इनिशिएटिव्ह' हा स्टुडिओच बंद, 'परफेक्ट डार्क' हा गेम रद्द, 'एव्हरवाइल्ड'ही रद्द. कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडं काय त्यांचं काम नाही."

नव्हतंच. आमचं काम दुसऱ्याच एका परदेशी गेम कंपनीकडून यायचं. तिचं नाव लिहीत नाही, कारण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे. हैदराबादच्या ज्या कंपनीत मी होते तिचंही लिहीत नाही, कारण माझ्याबरोबरच्या काहींचा हिशोब अजून मिटायचाय. पण या धंद्यात एका मोठ्यानं माणसं काढली की बाकीच्यांची भीड चेपते, हे आम्ही दीड-दोन वर्षं बघत आलो होतो. मायक्रोसॉफ्टनं ६,८७० कोटी डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेतली, तो व्यवहार ऑक्टोबर २०२३मध्ये पूर्ण झाला. पुढच्याच जानेवारीत गेम विभागातल्या सुमारे २२,००० लोकांतले १,९०० कमी केले. त्याच वर्षी मे महिन्यात आर्केन ऑस्टिन आणि टँगो गेमवर्क्स बंद. टँगो हा जपानचा स्टुडिओ, त्याच्या ताज्या गेमचं जगभर कौतुक झालेलं, तरी कुलूप. (पुढं कोरियाच्या क्राफ्टननं तो हाताखाली घेतला. क्राफ्टन म्हणजे आमच्या गल्लीतली पोरं मध्यरात्रीपर्यंत ज्याच्यावर बोटं घासतात त्या बीजीएमआयवाली.) सप्टेंबरात आणखी ६५०. मग मे २०२५मध्ये सगळ्या कंपनीतून मिळून सुमारे ६,०००, आणि आता हे ९,०००.

यातला एकही आकडा आमच्यासारख्यांना मोजत नाही. मोठ्या गेम कंपन्यांचं बरंचसं टेस्टिंग बाहेरच्या कंपन्यांकडं दिलेलं असतं. वरचा गेम रद्द झाला की खालचा करार संपतो, आणि करार संपणं ही बातमी होत नाही.

मी नांदेडची, चौफाळ्यातली. नांदेडलाच बीसीए केलं आणि २०१९मध्ये हैदराबादचं अमीरपेट गाठलं. मराठवाड्याबाहेरच्यांना सांगायला पाहिजे, आमच्या भागातल्या पोरांना पुण्याइतकंच हैदराबाद जवळचं आहे. १९५६पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो. दवाखाना मोठा पाहिजे, हैदराबाद. लग्नाचा बस्ता भारी पाहिजे, हैदराबाद. कॉम्प्युटरचा कोर्स पाहिजे, तर अमीरपेटला मैत्रीवनमच्या आसपास एकेका इमारतीवर इतके क्लासचे बोर्ड की खिडक्या दिसत नाहीत. तिथं मॅन्युअल टेस्टिंग शिकले आणि जानेवारी २०२०मध्ये नोकरीला लागले. दोन महिन्यांत कोविड आला. मला वाटलं, गेली नोकरी. झालं उलटंच. सगळं जग घरात बसून गेम खेळायला लागलं, आणि आमच्याकडं भरती सुरू झाली. आज जी माणसं काढतायत त्यांतली बरीच त्या भरतीतली आहेत.

लोकांना वाटायचं, हिला खेळायचा पगार मिळतो. माझं पहिलं काम भिंती तपासायचं होतं. गेममधल्या एका गावातली प्रत्येक भिंत, प्रत्येक कोपरा, प्रत्येक कुंपण. आपलं पात्र भिंतीवर चालवत न्यायचं, मग पळत, मग वाकून, मग उडी मारून. कुठं आरपार गेलं, कुठं अडकलं, कुठं जमिनीखाली पडलं, तर बग, म्हणजे त्या चुकीची नोंद, लिहायचा. बग लिहायची शिस्त असते. कोणती बिल्ड (म्हणजे गेमची कितवी आवृत्ती), कुठून सुरुवात केली, काय काय दाबलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, पाच वेळा करून बघितलं तर किती वेळा झालं, आणि व्हिडिओ. शेवटच्या गेममध्ये एक नदी होती, तिच्यावर दगडी पूल, आणि त्याच्या तिसऱ्या कमानीखाली घोडा अडकायचा. नुसता अडकायचा नाही, मागचे पाय भिंतीत जायचे आणि तो तसाच पळत राहायचा. तो बग मी लिहिलेला. तिकडच्यांनी दुरुस्त केला म्हणून बंद करायचा, पुढच्या बिल्डमध्ये घोडा पुन्हा अडकलेला, मी पुन्हा उघडायचा. दोन वर्षं आमचं हे चाललं होतं. त्या प्रोग्रामरचं तोंड मी कधी बघितलं नाही, पण बगच्या खालच्या कमेंटमध्ये आम्ही चांगले ओळखीचे झालो होतो.

जुलैच्या मध्यावर नव्या बिल्ड यायच्या थांबल्या. सांगितलं, तिकडं सुट्ट्या आहेत. आम्ही जुन्याच बिल्डवर जुन्याच भिंती घासत बसलो. आणि एका सकाळी लॉगिन केलं तर मेलबॉक्स भरून वाहतोय. बगांची नोंद जिथं होते त्या बग ट्रॅकरचे आपोआप येणारे मेल, एकाखाली एक, शेकड्यानं. मी आजवर लिहिलेला जो जो बग उघडा होता तो प्रत्येक बंद केलेला. स्थिती : क्लोज्ड. कारण : वोन्ट फिक्स, म्हणजे दुरुस्त करणार नाही. पुलावरचा घोडासुद्धा. रात्रीतून कुणीतरी सगळे निवडून एकदम बंद केले होते. गेम रद्द झाल्याचं आम्हाला ना मॅनेजरनं सांगितलं, ना एचआरनं. ट्रॅकरनं सांगितलं. शेजारची मुलगी विजयनगरमची, तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि दोघी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी कुणी कुणाला कामाला लावलं नाही.

त्याच सुमाराला, २४ जुलैला, मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र सगळीकडं फिरत होतं. नाडेला हैदराबादचे, त्यामुळे आमच्या हॉस्टेलमध्ये तर ते घरचं कार्य असल्यासारखं वाचलं गेलं. कुठल्याही मापानं बघितलं तरी कंपनी जोरात आहे आणि तरी माणसं काढली, हे विसंगत वाटणारं आहे, असं त्यांनी स्वतःच त्यात मान्य केलं होतं. आठवड्याभरात तिमाहीचे निकाल आले : निव्वळ नफा २,७२० कोटी डॉलर. ३१ जुलैला कंपनीचं बाजारमूल्य ४ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं. त्याच आर्थिक वर्षात एआयच्या डेटा सेंटरवर सुमारे ८,००० कोटी डॉलर खर्चायचं त्यांनी आधीच ठरवलेलं. हे सगळं वाचल्यावर माझ्या डोक्यातली एक समजूत गेली. तोट्यात गेले म्हणून काढतात, असं मी धरून चालले होते. नफ्यात असतानाही काढतात, कारण पैसा दुसरीकडं लावायचा असतो. मग तुम्ही काम चांगलं केलं की वाईट, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. मला याचं दुःख झालं की बरं वाटलं, ते अजून नीट सांगता येत नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला कॅलेंडरवर 'प्रोजेक्ट अपडेट' नावाची मीटिंग आली. पाच-सहा जणांच्या गटानं आत बोलवत होते. एक एचआरवाली समोर, एक साहेब स्क्रीनवर. साहेबांचा कॅमेरा बंद. क्लायंटचा करार संपला, दुसरा प्रोजेक्ट नाही, कंपनीला तुमच्या भवितव्याची काळजी आहे, म्हणून तुम्ही आज संध्याकाळपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका. टाकला तर दोन महिन्यांचा पगार सदिच्छा म्हणून मिळेल आणि रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही टाकला तर लेटरवर टर्मिनेशन येईल, आणि पुढच्या कंपनीनं चौकशी केली तर आम्हाला तसं सांगावं लागेल. हे सगळं अतिशय गोड आवाजात. पाण्याच्या बाटल्यासुद्धा ठेवल्या होत्या.

जागेवर येऊन पोर्टल उघडलं. राजीनाम्याच्या पानावर एक खाना असतो : कारण निवडा. बाण दाबला की यादी खाली येते. बेटर अपॉर्च्युनिटी. हायर स्टडीज. मॅरेज. रिलोकेशन. हेल्थ. पर्सनल रीझन्स. अदर. कंपनीनं सांगितलं म्हणून, असं कारण त्यात नव्हतं. एचआरवाली आमच्या रांगेतून फिरत होती. मुलींना म्हणाली, "मॅरेज डालो, सबसे सेफ है, कोई कुछ नहीं पूछता." माझं वय २९. घरचे चार वर्षं ज्या शब्दासाठी माझ्यामागं लागलेत तो शब्द आता कंपनी माझ्याकडून भरून घेणार होती. मी पोर्टल तसंच ठेवून खाली गेले आणि बाबांना फोन लावला.

माझे बाबा नांदेडच्या उस्मानशाही कापड मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. मिल बंद झाली तेव्हा मी लहान होते. 'स्वेच्छा' लिहिलेले कागद घरात महिनोन् महिने पसरलेले असायचे एवढं मला आठवतं. बाबा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण त्यांनी पहिला प्रश्न असा विचारला की मी गप्पच झाले. "त्यांनी काढलं का तू सोडालीस?"

"काढलं. पण सोडते म्हणून लिहा म्हणायलेत."

"मंग लिहू नको आज. रात्र जाऊ दे मधी. सही करायची घाई ज्याला असती ना, पैसा त्याचा वाचत असतो."

मिलच्या वेळी युनियनचं काम बघणारे एक वकील अजून नांदेडला आहेत, बाबा त्यांच्याकडं रात्रीच जाऊन आले. फोनवर मला त्यांनी जे समजावलं ते इथं लिहिते, कारण आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. तेव्हा औद्योगिक विवाद कायदा १९४७ लागू होता. त्यातल्या कलम २५-एफप्रमाणे, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि शिवाय सेवेच्या दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. माझी सेवा ५ वर्षं ७ महिने, म्हणजे सहा वर्षं, म्हणजे तीन महिन्यांचा पगार अधिक नोटिशीचा एक. राजीनामा दिला की मात्र हे कलम लागतच नाही. चार महिन्यांच्या जागी दोन, आणि वर सदिच्छा त्यांची.

"पण काका, मी आयटीवाली. मी कामगार कशी?" 

वकीलकाका हसले. म्हणाले, कायद्यात 'तांत्रिक' काम करणाराही कामगारच आहे, पदाचं नाव काय छापलंय ते कोर्ट बघत नाही, दिवसभर हात काय करतात ते बघतं. "तू भिंती तपासतीस ना? मंग तू कामगार." आमच्या टीम लीडची गोष्ट वेगळी. तो लोकांच्या रजा मंजूर करायचा, त्याच्यावर देखरेखीचं काम होतं, त्याला हे कलम लागू करून घेणं अवघड, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी एचआरला मेल लिहिला. साधा, चार ओळींचा : काल मला प्रोजेक्ट बंद झाल्यामुळे राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी स्वतःहून नोकरी सोडत नाहीये, कलम २५-एफप्रमाणे माझा हिशोब कळवावा. मेलला उत्तर आलं नाही. फोन आला. मग मी फोनवर काय बोलणं झालं ते पुन्हा मेलवर लिहून पाठवलं. त्यालाही उत्तर नाही, पुन्हा फोन. असं चार-पाच दिवस चाललं. ज्यांनी पहिल्याच संध्याकाळी बटण दाबलं होतं ते आमच्याकडं जरा विचित्र नजरेनं बघायचे, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुणाचा बाइकचा हप्ता, कुणाची बहीण बाळंतपणाला आलेली. संध्याकाळपर्यंत असं सांगितल्यावर माणूस संध्याकाळच बघतो.

शेवटी तडजोड झाली. मेल लिहिणाऱ्या आम्हा मोजक्यांना तीन महिन्यांचा पगार, वर नोटिशीचा अर्धा. चार नाहीच. वकीलकाका म्हणाले, भांडलीस तर चार मिळतील, पण वर्षं जातील, तू ठरव. मी ठरवलं. पोर्टलवर 'अदर' निवडलं, खालच्या चौकटीत लिहिलं : प्रोजेक्ट बंद झाल्याने कंपनीच्या सांगण्यावरून. शंभर अक्षरांचीच चौकट, बरोबर बसलं. तासाभरात एचआरचा फोन. "मॅडम, वो रिमार्क नक्को लिखो ना, सिस्टम नहीं लेरा." मी म्हटलं, सिस्टमनं घेतलाय, माझ्याकडं स्क्रीनशॉट आहे. नांदेडच्या माणसाला हैदराबादी 'नक्को' काही नवीन नाही, आम्ही दोघंही तेच वापरतो.

२२ ऑगस्ट हा शेवटचा दिवस. त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. डेव्हकिट, म्हणजे बाजारात येण्याआधी टेस्टिंगला दिलेली खास मशिनं, एकेक नंबर वाचून पिंजऱ्यात जमा केली. लॉकरची किल्ली परत. केक आणला होता, कुणी कापला नाही.

देवगिरीनं निघाले. निजामाबाद गेलं, आणि बासरच्या अलीकडं गोदावरीवर गाडी आली तेव्हा डब्यातलं बोलणंच थांबलं. इतकं पाणी. त्याच आठवड्यात मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता, लेंडी धरणाच्या बाजूची गावं पाण्यात गेली होती, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले होते. आमची थोडी कोरडवाहू जमीन मुखेडकडंच आहे, चुलते करतात. सोयाबीन गेलं होतं. घरी पोचले तर चुलते बैठकीत बसलेले, बाबा त्यांच्यापुढं कागद घेऊन पंचनाम्याच्या अर्जात काय लिहायचं ते सांगतायत. माझी नोकरी गेल्याची बातमी त्या बैठकीत दुसऱ्या नंबरवर होती, आणि मला त्याचं बरंच वाटलं. काकू एवढंच म्हणाल्या, "तुझा पंचनामा कोण करणार गं, बाई?" आणि पोह्याची ताटली हातात दिली.

गल्लीत मात्र वेगळंच शिजलं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेनं त्याच आठवड्यात मंजूर केला, आणि राष्ट्रपतींची मंजुरी आली तीही बरोबर २२ ऑगस्टला. माझा शेवटचा दिवस. झालं. "रम्मीवालं बंद केलं सरकारनं, म्हणून आली की परत." आईला दळणाच्या गिरणीत दोघींनी विचारलं, पोरगी जुगाराच्या कंपनीत होती का म्हणून. आता आईला कन्सोल गेम आणि रम्मी यातला फरक काय सांगायचा? तिनं तिच्या परीनं उत्तर दिलं, "ती भिंती तपासायची." त्यानं गोंधळ आणखी वाढला. काही दिवस गल्लीत मी इंजिनिअर होते, बांधकामवाली. खरं सांगायचं तर त्या कायद्यानंही गेमिंगमधल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या, हैदराबाद-बंगळूरच्या माझ्या ओळखीतल्यासुद्धा. पण ती वेगळी आग.

हिशोबाचा कागद आला तो दिवाळीच्या तोंडावर. पीडीएफ, एका पानाची. पगार, उरलेल्या रजा, सदिच्छा रक्कम, ग्रॅच्युइटी, वजा टीडीएस. मी आकड्याची बेरीज करून बरोबर आहे म्हणून मोकळी झाले. बाबांनी चष्मा लावून मोबाईल लांब धरला आणि ग्रॅच्युइटीच्या ओळीवर थांबले.

"बेसिक किती तुझं?"

"१८,२००."

त्यांनी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं मांडलं. १८,२०० भागिले २६, आले ७००. गुणिले १५, आले १०,५००. हे एका वर्षाचे. "त्यांनी ५२,५०० धरलेत. म्हंजी पाच वर्षं. तुझे सहा होतेत. सहा महिन्याच्या वर गेलं की वर्ष धरतेत. ६३,००० पाहिजेत."

तेव्हा लागू असलेला ग्रॅच्युइटी कायदा १९७२चा होता. मिलमध्ये बाबांनी असे हिशोब कितीतरी जणांचे बघितले असणार, बोलताना एकदाही अडखळले नाहीत. महिन्याचे दिवस २६ का धरायचे, ३० का नाही, तेही सांगितलं : आठवड्याच्या सुट्ट्या वजा. २६नं भागलं की दिवसाची किंमत जास्त येते, म्हणून कामगाराचा फायदा. मी कलम ४(२) शोधून मेल टाकला, सोबत ग्रॅच्युइटी मागायचा फॉर्म आय भरून जोडला. या वेळी उत्तर मेलवरच आलं : अनवधानानं राहून गेलं. १०,५०० रुपये पुढच्या महिन्यात खात्यावर. आता मला सांगा, माझ्याबरोबर जे बाहेर पडले त्यांच्यातल्या किती जणांच्या कागदावर असं अनवधान झालं असेल, आणि त्यांच्या घरी मिलमधून निवृत्त झालेलं माणूस नसेल?

पीएफचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. पोर्टलवर कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती. ती नसली तर पुढं काही हलत नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्याला टाकता येते, आधारवर ओटीपी येतो. माझ्या बाबतीत आधारवर वडिलांचं नाव मध्ये होतं, पीएफवर नव्हतं, ते जुळवण्यात वेळ गेला. पैसे मी काढले नाहीत. दहा वर्षं भरायच्या आत पेन्शनचा भाग काढून घेता येतो, मी तोही ठेवला. बाबांना पीएफची पेन्शन मिळते. २०१४पासून तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे आणि बाबा त्या किमानच्या फार वर नाहीत. तरी मला म्हणाले, काढू नको. यावर आमचं भांडण झालं, ते इथं नको.

नोव्हेंबरात, २१ तारखेला, चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत नोकरी गेल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतनाचा हिशोब द्यायचा असं आहे, आणि कमी केलेल्या कामगारासाठी मालकानं १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम नवं कौशल्य शिकायच्या निधीत भरायची असंही. माझं सगळं जुन्या कायद्यात झालं. बाबांनी पेपरातलं कात्रण मात्र फाइलला लावून ठेवलंय.

त्यांना आणखी एक गोष्ट फार आवडली. मी सहज बोलता बोलता सांगितलं की अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्याच झेनिमॅक्स या गेम कंपनीच्या सुमारे ३०० टेस्टरांनी जानेवारी २०२३मध्ये युनियन केली आणि मायक्रोसॉफ्टनं तिला मान्यताही दिली. "टेस्टर म्हंजी तुमच्यावालेच? भिंतीवाले?" हो म्हटलं. "मंग तुम्ही कामून नाही केली?" मी म्हटलं, आमच्यात निम्मे कंत्राटी, प्रत्येकाची कंपनी वेगळी, कुणाचा बॅज निळा, कुणाचा पिवळा, शेजारी बसलेला माणूस कुणाच्या पगारावर आहे ते माहीत नसतं. ते म्हणाले, मिलमध्ये बदली कामगार होते की. पुढं मला काही सुचलं नाही.

सध्या मुलाखती देतेय. तिथं एकच अडचण रोज येते. मागची दोन वर्षं काय केलं, असं विचारतात. जो गेम टेस्ट केला त्याचं नाव सांगता येत नाही, करार आहे. गेम बाजारात आला असता तर करार सैल झाला असता, पण तो रद्द झाला. बाहेरच्या कंपनीतल्या टेस्टरांची नावं गेमच्या शेवटी येतातच असं नाही, पुष्कळदा नुसतं कंपनीचं नाव येतं, पण इथं शेवटच नाही. म्हणजे दोन वर्षं मी कुठल्या पुलावर घोडा पळवत होते, त्याचा जगात पुरावा नाही. मी आता एक कोरा नमुना बग तयार केलाय, फुकट मिळणाऱ्या एका गेमवर, पूर्ण शिस्तीत, व्हिडिओसकट. मुलाखतीत तोच दाखवते. पुण्याच्या एका कंपनीत दुसऱ्या फेरीपर्यंत त्यावरच गेले. बँकिंग सॉफ्टवेअरचं टेस्टिंग आहे. पगार आधीपेक्षा कमी सांगतायत.

विजयनगरमच्या मैत्रिणीचं मात्र अडकलंय. ती नोव्हेंबर २०२०ची, म्हणजे ४ वर्षं ९ महिने. कंपनी म्हणते, पाच वर्षं झाली नाहीत, ग्रॅच्युइटी नाही. कायद्यात सलग सेवेची जी व्याख्या आहे तिच्यात वर्षाला २४० दिवस भरले की वर्ष भरतं, आणि आठवडा सहा दिवसांपेक्षा कमी असेल तर १९० दिवस. आमचा पाच दिवसांचा होता. याच धर्तीवर मद्रास उच्च न्यायालयानं पाचवं वर्ष पूर्ण धरल्याचा निकाल आहे, वकीलकाकांनी तो काढून दिला. बाबांनी तिचे शेवटच्या वर्षाचे दिवस पगाराच्या स्लिपांवरून मोजले, दोघांचं फोनवर नांदेडच्या हिंदीत आणि तिच्या तेलुगू-हिंदीत अर्धा तास चाललं होतं, सुट्ट्या धरायच्या का नाही यावर. मग तिनं हैदराबादच्या कामगार कार्यालयात फॉर्म एन, म्हणजे ग्रॅच्युइटी मिळवून द्या असा अर्ज, भरला. पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी आलं नाही. पुढची तारीख पडली आहे.